गोळ्यांची डबी

स्तनातली कॅन्सरची गाठ काढल्यावर तिला रोजची हार्मोन रोखणारी गोळी सुरू झाली. गोळ्यांची डबी नवरा स्वतः भरायचा. "नशीब काढलंस बाई!" हे जावांचं पालुपद. त्या गोळीने अंगाचा नुसता भडका उडायचा, कुणाचा स्पर्शही नकोसा व्हायचा. पुढे ते आपोआप निवळलं. ती खूश, नवरा त्याहून खूश.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ परत आलीय. गोळी सोडली होतीत का?"

नवरा चाचरला. "मीच डबीत त्या गोळीऐवजी जडीबुटीची घालत होतो. हिचा त्रास बघवेना हो."

"माझा त्रास?" ती ताडकन उठली. "वर्षभर मी तळमळत होते, तेव्हा तू शेजारी घोरत होतास. तुला तो दिसला कधी, तर मी तुझा हात झटकला तेव्हा!"