लेकीचा पहिला नंबर

कॉलेजच्या शेअर बाजार प्रशिक्षणात खरेदी-विक्री खोट्या पैशांची, पण लेक वर्गात पहिली होती. आज कुठली कंपनी घेतली, किती फायदा झाला, ते ती रोज जेवताना रंगवून सांगायची. कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेले बाबा खाली मान घालून ऐकायचे आणि सकाळी गुपचूप तीच कंपनी खऱ्या पैशांनी घ्यायचे.

कारखान्यातून मिळालेले फंडाचे पैसे निम्म्यावर आले, तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. "तू घेतलंस तेच घेत गेलो गं मी. तुझं वर जातं, मग माझंच का बुडतं?"

लेकीचा घास हातातच राहिला.


"बाबा, सर आम्हाला सरावासाठी दहा वर्षांपूर्वीचे भाव लावून देतात."