यंत्र वाजलं नाही

"थांब! हात वर कर!"

भोजराज हवालदाराचा आवाज थेट मंडपापर्यंत गेला. यंत्राच्या चौकटीतून नुकताच पलीकडे गेलेला यादोराव सुतार जागीच उभा राहिला. यंत्र वाजलं नव्हतं. पण म्हाताऱ्याच्या बंडीखाली, कमरेशी, काहीतरी टोकदार वर आलं होतं.

सकाळपासून भोजराजचं डोकं तापलेलं होतं. मंत्री यायचे होते. वैनगंगेवरच्या धरणात जाणाऱ्या गावांना त्यांनी मागच्या सभेत नवी गावठाणं कबूल केली होती. ती गावठाणं म्हणजे मुरमाड माळावर ठोकलेल्या खुंट्या. ना विहीर, ना रस्ता, ना धान लावायला एक बांधी. आता मंत्री पुन्हा नवं काहीतरी कबूल करायला येत होते. लोक खवळलेले होते, म्हणून नागपूरहून ही चौकट आणली होती. लोखंड दिसलं की ती किंचाळायची. विळा, अडकित्ता, चुन्याची डबी, काही सुटत नव्हतं.

फौजदारसाहेबांनी सगळ्या शिपायांना उभं करून हुकूम वाचून दाखवला होता.

"यंत्राला न सापडणारं हत्यार जवळ बाळगणं आजपासून गुन्हा. लाकडाचं असो, बांबूचं असो, प्लास्टिकचं असो. परदेशात प्लास्टिकचं पिस्तूल निघालंय म्हणे. इथल्या सुतारांनाही कमी समजू नका. आणि दुसरं, काळं कापड. एक काळा रुमालसुद्धा आत जाता कामा नये. मंत्र्यांसमोर काळा झेंडा फडकला, तर माझी बदली ठरलेली." मग ते भोजराजकडे वळले. "दार तुझं. काही आत गेलं तर पट्टा उतरवीन."

"हो साहेब. दार माझं."

"कुठला रे तू?"

"पलीकडच्या काठचा, साहेब."

साहेबांनी मान डोलावली. ते जिल्ह्यात नवे होते. नदीला दोन काठ असतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आता त्याच दारात भोजराज डोळे वटारून यादोरावसमोर उभा होता.

"बंडी वर कर, बुढ्या!"

"करतो ना जी. खाऊन टाकतं का मले?"

कमरेतून पिस्तूल निघालं. सागाचं, काळंभोर रंगवलेलं. नळी, घोडा, सगळं जिथल्या तिथं. रांगेतलं कुणीतरी ओरडलं.

"हे काय आहे?"

"पिस्तोल हाय. दिसत नाई का?"

"आधीच बाहेर काहून नाही काढलं?"

"तुमची मशीन काई बोललीच नाई. मले वाटलं, तिले चालते."

रांग खो खो हसली. भोजराजच्या कपाळाची शीर तटतटली. त्यानं पिस्तूल हिसकावलं आणि चौकटीतून इकडून तिकडे फिरवलं. यंत्र गप्प. त्यानं शिट्टी फुंकली.

"साहेब! लवकर या! यंत्राला न सापडणारं सापडलं!"

साहेब टोपी सावरत धावत आले. त्यांच्यामागे सगळे शिपाई आले. बायांची झडती घेणारी चंद्रकला मात्र जागची हलली नाही. ती कामाची पक्की होती. गाठोडी सोडून, बाळांची दुपटी झटकून बघत होती.

"चंद्रकला, तूही ये! साक्षीला पाहिजे!" भोजराज ओरडला.

"आणि बायांची रांग?"

"बाया काय पळून चालल्या? ये म्हणतो ना!"

साहेबांचा चेहरा उतरला होता. "कोणी पाठवलं तुला?"

"मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची हाय, साहेब. दुसऱ्या अंकात जमीनदार चालवते."

"नळी पोकळ आहे?"

"फुंकून पाहा ना."

"साहेबांची मस्करी करतोस?" भोजराज गरजला.

यादोरावनं त्याला खालून वर न्याहाळलं. "आवाज मस्त हाय तुमचा, हवालदार. औंदा जमीनदार तुमीच करा."

"तोडून बघ रे," साहेब म्हणाले.

भोजराजनं पिस्तूल गुडघ्यावर घेऊन काडकन मोडलं. आत नुसतं लाकूड. साहेब वाकून तुकडे न्याहाळत राहिले. भोजराज बायांकडे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"आणि तुम्ही? तमाशा पाहून राहिल्या? गर्दी कायले करता इथं? चला, आत मरा सगळ्या!"

"पन आमची झडती?" पंचफुला बाळाची झोळी सावरत म्हणाली.

"यंत्र वाजलं का? नाही ना? मग हो आत!"

बाया चौकटीतून भराभरा गेल्या. यंत्र वाजलं नाही. शेवटी म्हातारी मालनबाई आली. चौकटीच्या फळीला ती अडखळली. भोजराजनं तिला हात दिला.

"हळू बोल ना रे बाबू," ती म्हणाली.

"आत जा, बुढे!"

यादोरावला दाराजवळच्या कडुनिंबाखाली बसवून भोजराज त्याच्यावर पहाऱ्याला उभा राहिला. मंत्री बोलायला उठले. त्यांनी हात जोडले, घसा साफ केला, आणि बाळांच्या झोळ्या सुटल्या. एक काळं कापड वर आलं, मग दुसरं. बघता बघता मंडपाची बायांची बाजू काळी झाली. मंत्र्यांचे जोडलेले हात तसेच राहिले.

साहेब सावकाश दाराकडे वळले.

भोजराजनं ते यायची वाट पाहिली नाही. कमरेचा पट्टा सोडून त्यानं दारातल्या खुर्चीवर ठेवला.

"पिस्तोल मोडली तुमची, मामा."

"मोडू दे. काल तूच त म्हनला, रंग असा दे का दुरून खरी वाटली पायजे."

भोजराज मंडपाकडे बघत होता. सगळ्यांत उंच झेंडा मालनबाईनं धरला होता. त्याचं एक टोक सारखं खाली येत होतं.

"माझी माय थकंल," तो म्हणाला, आणि दुसरं टोक धरायला आत गेला.