चावीचे तीन फेरे

खाडीकडच्या वाडीला पाणी सोडायचं म्हणजे रमाकांतला मोठ्या नळाची चावी आठ फेरे फिरवावी लागे. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली, त्या वाडीची मतं विरोधकांना गेली, आणि सरपंचांनी रमाकांतला बोलावून एवढंच सांगितलं, "उद्यापासून त्यांना तीन फेरे बास." पंचायतीतली नोकरी टिकवायची होती. रमाकांतने मान डोलावली.

वाडीतल्या बायकांनी विचारलं की तो म्हणे, "टाकीतच पाणी कमी हाय, मी तरी काय करू?" बायकांना ते पटेसुद्धा.

एप्रिलच्या एका टळटळीत दुपारी वाडीतून जाताना त्याला घेरी आली, म्हणून तो सत्यवतीकाकींच्या ओटीवर टेकला. काकींनी लगबगीने तांब्या भरून आणला. रमाकांतने तो एका दमात रिकामा केला. पाणी गोड होतं. त्याच्या जिवाला जरा बरं वाटलं. तीन फेऱ्यांतही यांचं भागतंय म्हणायचं.

"नळाचं पाणी पुरतं ना, काकी?"

"पुरतंय कुठलं! घराला एक कळशी मिळते. आमी खाडीजवळच्या विहिरीचंच पितो. मचूळ हाय, पण सवय झाली." काकींनी त्याच्यासमोर तांब्या पुन्हा भरून ठेवला. "ही कळशी मी रोज झाकून ठेवते. उन्हातान्हाचा आमच्या पाण्यासाठी वणवण फिरतोस, कधी दारात आलास तर तुला मचूळ कसं रं देऊ?"