तिची सुट्टी

"आज तुला सुट्टी, फक्त मजा करायची," असं नवऱ्याने सकाळी जाहीर केलं, तेव्हा ती पाच जणांचे डबे भरत होती. आता नदीकाठच्या बागेत तो सतरंजीवर घोरत पडला होता आणि ती एका हाताने धाकट्याला झोका देत, दुसऱ्या हाताने त्याचं नाक पुसत होती.

"अगं, बस की जरा निवांत!" सासूबाई म्हणाल्या. "आणि बसण्याआधी तेवढी पाण्याची बाटली दे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दात-ओठ खात ती बाटली आणायला वळली, तर घसरगुंडीखाली मुली घर-घर खेळायला जमल्या होत्या. "तू आई हो," एकीने तिच्या लेकीला फर्मावलं.

 

लेक कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मुळीच नाही! आज सुट्टी आहे ना? मग मी बाबा होणार!"