वरच्या फळीवरचा डबा

एक निवृत्त पोस्टमन आपल्या जिमवेड्या मुलाच्या व्हे प्रोटीन पावडरीला वर्षानुवर्षं ‘डब्यातलं सोंग’ म्हणत आला होता. ऑपरेशननंतर त्याच्या हातांतलं त्राणच गेलं. भरलेली किटली उचलेना. डॉक्टर म्हणाले, “किडनी ठणठणीत आहे. व्यायाम करा आणि रोज चमचाभर व्हे प्रोटीन घ्या.” आता मुलाकडे मागायचं कुठल्या तोंडानं? व्यायाम तो उघड करायचा, पावडर मात्र चोरून प्यायचा. डबा भराभर संपतोय म्हटल्यावर मुलानं सुट्टीला आलेल्या भाचरांवर संशय घेतला आणि नवा जड डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. आज मुलगा जिममधून आला, तर डबा टेबलावर. “कुणी काढला?” “मी,” बाप ताठ मानेनं म्हणाला. “टाचा उचलून, दोन्ही हातांनी.” मुलगा त्या हातांकडे बघत राहिला. मग डबा पुन्हा वर ठेवत म्हणाला, “बाबा, उद्यापासून रोज इथूनच काढायचा आणि परत इथंच ठेवायचा.”