सतरावं माप

व्हिडिओ चार मिनिटं अकरा सेकंदांचा होता आणि त्यात सतरा मापं घेतली जात होती. अपेक्षाने ती आधीच मोजून ठेवली होती. दिवाणखान्यात आठ माणसं होती. पाच मुलाकडची, तीन घरची. नववी ऋतुजा, तिची थोरली बहीण, आत चहाचे कप भरत होती.

अपेक्षाने टीव्हीवर लावलेल्या त्या गाण्यात पॉपस्टार चैताली नवरीच्या वेषात स्टूलवर उभी होती. खोट्या मिशा लावलेले सहा काका टेप घेऊन तिच्याभोवती नाचत होते. उंची, कंबर, वेणीची लांबी. मग पोळीचा व्यास, मग हसण्याचा आवाज. प्रत्येक आकडा एक कारकून भल्यामोठ्या वहीत लिहून घेत होता.

या व्हिडिओवरून शुक्रवारी बहिणींचं वाजलं होतं. अपेक्षाचं म्हणणं, ही बाईच्या बाजूने केलेली चोख टवाळी आहे. जो माणूस हे बघून हसला, त्याला नंतर तेच करायला लाज वाटेल. फिजिक्समध्ये एमएस्सी केलेल्या मुलीला हे तपासून पाहण्यासारखं वाटत होतं. ऋतुजाला तसं वाटत नव्हतं. ती एकतीस वर्षांची होती आणि हे तिचं चौदावं स्थळ होतं. कपडे वाळत घालता घालता ती म्हणाली, “लाज कशाला वाटेल? हसत हसत करतील.”

मग पुढे म्हणाली, की कर तुझा प्रयोग, उंदीर मी आहेच.

मागच्या दोन स्थळांनी तिला भिंतीला उभं करून मोजलं होतं. पाच फूट दोन. दोन्हीकडून नकार आला होता. त्यानंतर तिने सांगून टाकलं होतं, पुन्हा कुणी टेप काढली की मी चपला घालून निघाले. स्कूटरची किल्ली अपेक्षाने जवळ ठेवायची आणि मागोमाग यायचं, एवढं दोघींचं ठरलं होतं. बाबांनीही त्यानंतर एक गोष्ट केली होती. बायोडेटात त्यांनी दोनाचे तीन केले होते. ऋतुजाला ते काल कळलं.

पहिल्या सोळा मापांपैकी चौदा मापांना मुलाकडची माणसं हसली. तुळजाबाई, मुलाची आई, पदराने डोळे पुसत होत्या. मुलगा विश्वजीत खराडीत एका आयटी कंपनीत होता. हा व्हिडिओ महिला दिनाला आपणच ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता, असं त्याने सांगितलं. त्याचे काका हिंदुराव यांची शेती शहरात गेली होती आणि त्या जागी आता ते स्वतःच इमारती बांधत होते. पोळी मोजणारा तो मिशीवाला हुबेहूब आपल्या गावच्या पोपटसारखा दिसतो, असं ते म्हणाले आणि पुन्हा हशा झाला. सोळापैकी चौदा. अपेक्षाला बरं वाटलं.

सतराव्या मापाला चैताली स्टूलवरून खाली उतरते, काकांच्या हातातून टेप काढून घेते आणि एकेकाच्या गळ्याचं माप घेऊ लागते. नेमकी तेव्हाच ऋतुजा चहा घेऊन आली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ते माप एकट्या अपेक्षाने पाहिलं.

चहा झाला. शिक्षण विचारून झालं, नोकरी विचारून झाली. मग हिंदुरावांनी खिशात हात घातला. साइटवर लागते म्हणून त्यांच्या खिशात कायम स्टीलची टेप असे. ती त्यांनी काढली आणि हसले.

“आता आमचंबी एक माप राहिलंय. गाण्यातल्यासारखं नाय हं. नुसती गंमत.”

सगळे हसले. तुळजाबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, की मागे एका मुलीकडच्यांनी दोन इंच वाढवून लिहिले होते आणि सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी ते उघडकीला आलं. खोटं बोलणाऱ्यांशी सोयरीक नको, बाकी आमचं काही नाही. विश्वजीत “काका, काय हे” म्हणाला आणि तोही हसला.

बाबा रिकाम्या कपात बघत होते. आईने उठून पंखा वाढवला.

ऋतुजा उभी राहिली. अपेक्षाने किल्ली मुठीत घट्ट धरली आणि तीही उठली. ऋतुजा दाराकडे चालत गेली. दाराशी चपलांचं कपाट होतं. तिथे ती क्षणभर थांबली. तिने एकदा बाबांकडे पाहिलं. मग ती वळली आणि कपाटाशेजारच्या भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली.

“अपू, खालचं टोक तू धर,” ती म्हणाली.

अपेक्षाने किल्ली जमिनीवर ठेवली आणि गुडघे टेकून बसली. टेपचं टोक तिने फरशीवर दाबून धरलं. शून्य नीट दिसावं म्हणून साडीचा काठ बोटभर बाजूला केला.

वर हिंदुराव चष्मा लावून आकडा बघत होते. त्यांनी ऋतुजाच्या डोक्यावर बायोडेटाची फाइल आडवी धरली होती.

“पाच फूट तीन. चोख हाय,” त्यांचा आवाज आला. “खाली टेकलंय ना गं नीट?”

ऋतुजाच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

“टेकलंय,” अपेक्षा म्हणाली.

टाच आणि फरशी यांच्यामध्ये अडीच सेंटिमीटर अंतर होतं.