शिवतेजची टाकी

शिवतेज सीमेवर गेल्यापासून मलकापुरातल्या घरात त्याच्या समुद्री माशांच्या टाकीकडं खाणं टाकण्यापलीकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. तो सुट्टीवर येणार म्हटल्यावर त्याच्या बायकोनं, अंकितानं, काचा घासल्या, पंप बदलला, खारं पाणी मापून भरलं. मासे तरतरीत झाले, पण नखाएवढं असताना त्यानं लावलेलं जिवंत प्रवाळ रोज थोडं थोडं पांढरं पडतच चाललं.

पाण्याचा नमुना तपासून कराडचा दुकानदार फोनवर म्हणाला, "वहिनी, पाण्यात तांबं उतरतंय. प्रवाळाला ते विषच. कुठनं येतंय ते आधी शोधा."

तिनं वायरी उपसल्या, नळ्या काढल्या, नवाकोरा पंपसुद्धा खोलून बघितला. तांब्याचा कणही सापडेना. उद्या सकाळी शिवतेज दारात उभा राहणार होता. ती टाकीपुढं मटकन बसली आणि रडायलाच लागली.

इतका वेळ माळ ओढत बसलेल्या सासूबाई उठून जवळ आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या,

 

"रडू नगं पोरी, जगंल ते. रोज पूजा झाली की तीर्थ घालते की मी त्यात. रातभर देवापुढं ठेवलेलं, तांब्याच्या गडूतलं."